उन्हाळी कॅम्प आणि दर शुक्रवारचा व्हिडिओ: दोन्ही कसं जमवायचं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कळव्यात राहता, नोकरी ऐरोलीत, चॅनेल भटकंतीचं. दर शुक्रवारी एक मोठा व्हिडिओ आणि आठवड्यात तीन शॉर्ट्स, हा नेम दीड वर्ष पाळलाय. मुलं सहा आणि दहा वर्षांची. यंदा एप्रिल-मेच्या सुट्टीत चार कॅम्प ठरवलेत. मागच्या खेपेला मुरबाडकडच्या मुक्कामात दोन्ही दिवस कॅमेऱ्यामागे आणि रात्र रेंज शोधण्यात गेली, मुलं कंटाळली, बायको चिडली, आणि एवढं करून शुक्रवारचा व्हिडिओ शनिवारी लागला. आता विचारताय की कॅम्प कमी करू की व्हिडिओ.

माझ्या मते दोन्हीपैकी काहीच कमी करायला नको. तुमची अडचण अशी आहे की एकाच शनिवार-रविवारवर तुम्ही तीन कामं लादता: सुट्टी, शूटिंग आणि अपलोड. यातलं अपलोड पूर्णपणे घरी आणायचं, शूटिंग ठरावीक तासांत कोंबायचं, आणि उरलेला वेळ सुट्टीला मोकळा सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण जमायला काही गोष्टी महिनाभर आधी सुरू कराव्या लागतात.

काही बाबी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. घराचा हप्ता चॅनेलच्या पैशातून जात असेल तर गणित वेगळं; तुमचा पगार आहे, म्हणजे दोन आठवडे व्ह्यूज पडले तरी चूल बंद होत नाही. ब्रँडशी तारखेचा करार असेल तर तो शब्द पाळावाच लागतो, त्यामुळे कॅम्पच्या आठवड्यात तशी तारीख घ्यायचीच नाही. सोबत दुसरं मोठं माणूस आहे की तुम्ही एकटेच मुलांना घेऊन जाणार, यावर तर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. एकटे असाल तर शूटिंगचा बेत सोडूनच द्या. कारण पुढे येईल.

आता तुमच्या मनातली मुख्य भीती: खंड पडला तर चॅनेल बसेल का? सुट्टी घेतली म्हणून शिक्षा करणारी यंत्रणा नाही, हे यूट्यूबने निर्मात्यांना अनेकदा सांगितलंय. शिफारस होते ती एकेका व्हिडिओची, प्रेक्षक त्यावर थांबतो की पुढे सरकतो यावरून. परतल्यावर पहिल्या एक-दोन व्हिडिओंना प्रेक्षकांची सवय पुन्हा लागायला वेळ लागू शकतो, इतकंच. कागदावरचा नियम पाहायचा तर सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ना व्हिडिओ ना पोस्ट असं झालं, तर कमाई बंद करण्याचा हक्क ते राखून ठेवतात. सहा महिने आणि दोन आठवडे यांत केवढा फरक आहे बघा. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला लागणारे, लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे ४००० तास तुमचे अजून व्हायचे असतील तर एक लक्षात ठेवा: ते मागच्या बारा महिन्यांचे मोजतात, त्यामुळे जुने तास मागून गळत राहतात. पण त्यावर उपाय जुने चांगले व्हिडिओ चालते ठेवणं हा आहे. कॅम्पवरून घाईने टाकलेला कच्चा व्हिडिओ तास वाढवत नाही, लोक दुसऱ्या मिनिटाला निघून जातात.

तरीही नेम मोडायची गरज नाही, कारण साठा करता येतो. चार कॅम्प साधारण नऊ आठवड्यांत पसरलेत. म्हणजे मार्चअखेरीस तीन पूर्ण तयार व्हिडिओ हाताशी हवेत. चार असतील तर उत्तम, पण चारच्या नादात मार्चमध्येच दमाल, म्हणून तीन. हे व्हिडिओ जागेशी बांधलेले नकोत. तंबू उभारणं-घडी घालणं, दोन गॅस शेगड्यांची तुलना, चौघांची बॅग भरणं, मुलांसाठी कॅम्पवरचं खाणं, असे विषय घ्या. सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सात ते नऊ या वेळात दोन व्हिडिओंचं शूट आरामात होतं. टी-शर्ट बदला आणि बोलताना 'आज', 'या रविवारी', 'परवाच' असे शब्द टाळा, नाहीतर तारीख पुढे ढकलता येत नाही. तिन्ही व्हिडिओ आधीच अपलोड करून तारीख-वेळ लावून ठेवा. लावल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा उघडून बघा: हाय डेफिनिशन प्रक्रिया पूर्ण झालीय का, थंबनेल बसलंय का, शेवटच्या पडद्यावरचे दुवे बरोबर आहेत का. बहुतेक गोंधळ इथे होतात आणि मग माणूस डोंगरावर रेंज शोधत फिरतो.

इथे एक गोष्ट फार कमी लोक करतात, पण हंगामी विषयाला तिचा सगळ्यात मोठा फायदा होतो. काजव्यांचा व्हिडिओ लोक शोधतात तो मेच्या मध्यापासून, म्हणजे जायच्या आधी. तुम्ही मेअखेर शूट करून जूनच्या मध्याला टाकलात तर शोधणारे घरी परतलेले असतात. म्हणून या वर्षी असं जे हंगामी शूट कराल ते पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेसाठी ठेवा. बदलणारी माहिती, म्हणजे प्रवेशशुल्क, वेळा, रस्त्याचं काम, तेवढी ताजी करून शेवटी आवाजात जोडायची. एकदा ही सवय लागली की कॅम्पवर असताना 'हे शुक्रवारी हवंय' हा दबाव राहतच नाही. या वर्षी तुमच्याकडे मागचं फुटेज पडलेलं असेल तर ते आधी उघडा. मुरबाडच्या त्या दोन दिवसांतूनच एक नीट व्हिडिओ निघेल असा माझा अंदाज आहे.

आता प्रत्यक्ष मुक्काम. उन्हाळ्यात एक चांगली सोय निसर्गच करून देतो. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते सव्वासात, एवढाच उजेड कामाचा असतो. अकरा ते चार या वेळात ऊन डोक्यावर असतं, चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, आकाश पांढरं फटक येतं, डोंगर धुरकट दिसतात. शिवाय यंत्रंही साथ देत नाहीत. आयफोनसाठी कंपनीनेच ० ते ३५ अंश ही वापराची हद्द सांगितलीय, बाकीचे फोनही त्याच्या आसपास. कर्जत-मुरबाड-बदलापूर पट्ट्यात मेच्या दुपारी पारा ४० च्या घरात जातो. आधी स्क्रीन मंद होते, मग फ्रेम अडखळते, मग कॅमेरा बंद. छोट्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचं तर आणखी वाईट, कारण त्यांना वाहती हवा लागते आणि ट्रायपॉडवर ते एका जागी उभे असतात.

म्हणून मी मधले पाच तास कॅमेरा बॅगेत ठेवते, आणि तुम्हीही तसंच करा. बॅग सावलीत, गाडीत अजिबात नाही. बंद गाडीत तापमान ६० च्या पुढे सहज जातं आणि लिथियम बॅटरी ४५ च्या वर चार्ज करायची नसते. तापलेला फोन गार करायला बर्फाच्या डब्यात ठेवू नका, आत दव धरतं आणि भिंगामागे धुकं बसतं. कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत वाऱ्याला ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत येतो ताळ्यावर. शूट करता करता पॉवर बँक लावायची सवय असेल तर उन्हाळ्यात ती सोडा. रेकॉर्डिंगची उष्णता आणि चार्जिंगची उष्णता एकत्र आली की फोन हमखास बंद पडतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ४के ६० (सेकंदाला साठ फ्रेम) ऐवजी ४के ३० ठेवा. उष्णता कमी होते आणि जागाही निम्म्याहून कमी लागते: आयफोनच्या 'हाय एफिशियन्सी' फॉरमॅटमध्ये ४के ३० ला मिनिटाला साधारण १७० एमबी, ४के ६० ला ४०० एमबी.

या वेळा पाळल्या तर शनिवारी दुपारी पोहोचल्यापासून रविवारी निघेपर्यंत तुमचं शूटिंग सव्वाचार तासांच्या वर जात नाही, आणि त्यातही तुम्ही सतत शूट करत नसता. मधला वेळ पत्ते, आंबे, झोप, ओढ्याकाठी दगड गोळा करणं. मुलांना हे आधी सांगून ठेवा: सूर्य त्या झाडाच्या वर गेला की बाबांचा कॅमेरा बंद. सहा वर्षांच्या मुलालाही घड्याळापेक्षा हे लवकर कळतं, आणि मग तेच तुम्हाला आठवण करून देतात.

शॉट्सची यादी घरून लिहून न्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओला तीसेक शॉट्स पुरतात, प्रत्येकी दहा ते पंधरा सेकंद, आणि चार-पाच लांब शॉट्स प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे. एकूण कच्चा माल तीस-चाळीस मिनिटांच्या आत. दोन तासांचं फुटेज आणलंत तर ते नुसतं बघण्यात एक संध्याकाळ जाते, आणि तुम्ही नोकरीवाले, आठवड्यात तुमच्याकडे संध्याकाळी तीनच. तिसांतले कुठले शॉट्स हवेत ते जागा बदलली तरी फारसं बदलत नाही: रस्ता, पोहोचणं, जागेचा मोठा आवाका, तंबू, पाणी, चूल, जेवण, अंधार पडणं, पहाट, आवराआवर. यादीत नसलेलं काही अद्भुत समोर आलं तर घ्याच, पण यादी संपली की थांबा.

एक उदाहरण जवळून दाखवते, खुंटीचं. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याची मुरमाड जमीन विटेसारखी कडक झालेली असते. तंबूबरोबर येणारी अ‍ॅल्युमिनियमची बारीक खुंटी दोन-तीन ठोक्यांत वाकते. ती वाकताना जवळून, पंधरा सेकंद, कॅमेरा जमिनीलगत. पुढचा शॉट: डोक्याएवढा धोंडा, दोरीचा फास खुंटीच्या मधोमध अडकवलेला, खुंटी जमिनीवर आडवी आणि तिच्यावर दोरी ताणून धरणारा तो धोंडा. तिसरा शॉट: दोरी बोटाने छेडली की ती कशी ताठ वाजते. तीन शॉट्स, पाऊण मिनिट, आणि बघणाऱ्याला कायमची कामाची माहिती. यासाठी तुम्हाला तंबू दोनदा उभारावा लागत नाही की बायकोला 'पुन्हा एकदा चालत ये' म्हणावं लागत नाही. पुन्हा-पुन्हा करायला लावणं हेच घरच्यांच्या चिडचिडीचं सर्वांत मोठं कारण असतं. जे होतंय ते बाजूने टिपा, कुणाला अभिनय करायला लावू नका.

कॅमेऱ्यासमोर बोलणंही कॅम्पवर टाळा. मेमध्ये रानात दिवसा किड्यांची किरकिर एवढी असते की आवाज त्यात बुडतो, माळावर वारा माइकवर आदळतो. तीन मिनिटांच्या बोलण्याला तीस मिनिटं जातात आणि बाकीचे खोळंबून राहतात. त्यापेक्षा रात्री झोपताना फोनवर पाच मिनिटांची टिपणं बोलून ठेवा: अंतर किती, पाणी कुठे मिळालं, काय चुकलं, मुलांना काय आवडलं. घरी कपाटाचं दार उघडून, मागे गोधडी टांगून निवेदन रेकॉर्ड करा, आवाज स्वच्छ येतो. जागेचा नुसता आवाज मात्र दोन मिनिटं वेगळा घ्या, त्या वेळी सगळ्यांना गप्प बसवा. मुलांना तो खेळ आवडतो.

शॉर्ट्ससाठी वेगळं उभं शूट करू नका. ४के आडव्या चौकटीची उंची २१६० पिक्सेल. तिच्यातून ९:१६ चा उभा तुकडा कापला तर रुंदी १२१५ पिक्सेल येते आणि शॉर्टला १०८० पुरतात. फक्त विषय चौकटीच्या मध्ये ठेवायची सवय लावा. तीसातले पाच-सहा शॉट्स असे घेतलेत की दोन आठवड्यांचे शॉर्ट्स निघाले.

विजेचं गणितही घरीच करा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॉट-तास. प्रत्यक्ष हाताला त्यातले साठ-पासष्ट टक्के लागतात, म्हणजे ४५ ते ४८. पाच हजार एमएएचचा फोन साधारण १९ वॉट-तास खातो. थोडक्यात अडीच वेळा चार्ज. एका रात्रीच्या मुक्कामाला, दोन फोनना, हे भरपूर झालं. तरीही संपतं, कारण रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत बसतो. शूटिंगचा फोन एरोप्लेन मोडवर टाका, आणि घरच्यांशी संपर्काला जोडीदाराचा फोन चालू ठेवा.

आणि अपलोड. दहा मिनिटांचा १०८० पीचा व्हिडिओ १२ एमबीपीएसने (सेकंदाला १२ मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) काढला तर ९०० एमबी होतो. गावाकडच्या रेंजमध्ये चढण्याचा वेग २ एमबीपीएस मिळाला असं धरू. बरोबर एक तास, तोही जोडणी एकदाही तुटली नाही तर. ४के असेल तर तीन जीबी, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. या वेळात फोन हातात धरून टेकडीवर उभं राहायचं, अंधारात, उतारावर. हा हिशोब एकदा कागदावर मांडला की कॅम्पवरून अपलोड हा विषयच मिटतो. प्रतिक्रियांना उत्तरं द्यायची असतील तर रविवारी परतीच्या वाटेवर चहाला थांबाल तेव्हा वीस मिनिटं. प्रेक्षक थांबतात. पिन केलेल्या प्रतिक्रियेत 'शनिवार-रविवार रानात आहोत, सोमवारी उत्तर देतो' एवढं लिहून ठेवलं तर लोक खूशही होतात.

आता ज्यावर मी तडजोड करत नाही ते सांगते. कॅमेरा ज्याच्या हातात आहे, तो माणूस मुलांवर लक्ष ठेवणारा म्हणून धरायचा नाही. धरणाच्या फुगवट्याला, ओढ्याच्या डोहाला, कड्याच्या काठाला तर कधीच नाही. स्क्रीनमध्ये बघणाऱ्याला मूल चौकटीत दिसतं, पण पायाखालचा चिखल, पाण्याची खोली, मागे सरकणारं पाऊल दिसत नाही. धरणांचे काठ वरून सपाट दिसतात आणि दोन पावलांवर एकदम खोल होतात. म्हणून पाण्याजवळ मुलं असताना शूट करायचं असेल तर दुसरं मोठं माणूस हातभर अंतरावर आणि त्याच्या हातात काहीही नाही. ते नसेल तर कॅमेरा बंद. सुरुवातीला 'एकटे असाल तर बेत सोडा' म्हटलं ते यासाठीच.

तंबूच्या चेनचंही तसंच. शूटिंगच्या नादात माणूस सारखा आत-बाहेर करतो आणि चेन अर्धी उघडी राहते. विंचू आणि मण्यार दोन्ही या दिवसांत रात्री फिरतात. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. चेन पूर्ण बंद, चपला आत किंवा उलट्या टांगलेल्या, रात्री लघवीला जाताना पायापुढे टॉर्चचा उजेड. कुणाला चावल्याची नुसती शंका आली तरी त्याला चालवू नका. अंगठी-कडं काढा, हातपाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. कॅम्पपासून सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते निघण्याआधीच लिहून ठेवलेलं असावं.

शेकोटीचा शॉट थंबनेलला फार चालतो, हे मान्य. पण मार्च ते मे हे वणव्याचे महिने. राखीव वनात आग पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि तुम्ही तो स्वतः चित्रित करून पुराव्यासह टाकणार. खासगी शेतावर मालकाने केलेल्या चुलीत, बाजूला पाण्याची बादली ठेवून करायचं ते करा. रानात तंबूच्या आत पिवळा कंदील लावून बाहेरून घेतलेला शॉट तितकाच ऊबदार दिसतो. अंधार पडल्यावर नाही, सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी घ्या, आकाश निळं असताना.

काजव्यांना फोनचा व्हिडिओ न्याय देत नाही, म्हणून लोक फ्लॅश मारतात, मोबाईलची टॉर्च लावतात. काजव्यांचं लुकलुकणं हे जोडीदाराला दिलेले इशारे असतात आणि पांढऱ्या उजेडात ते थांबतात. फोन ट्रायपॉडवर ठेवून दीर्घ एक्सपोजरचे (कॅमेरा काही सेकंद उजेड टिपत राहील असे) फोटो घ्या, त्यांची मालिका व्हिडिओत वापरा. हे पाच मिनिटांचं काम. बाकी वेळ मुलांसोबत अंधारात बसा, हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडांवर ते एका लयीत पेटतात-विझतात ते डोळ्यांनीच बघायची गोष्ट आहे. भंडारदरा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे रात्री प्रवेशाच्या वेळा आणि मुक्कामाच्या जागा वन विभाग ठरवतो, जाण्याआधी फोन करून विचारा. ड्रोन या चारही कॅम्पना घरीच ठेवा असं सुचवेन. ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर बंदीचा लाल आणि परवानगीचा पिवळा पट्टा बघा, वनाची परवानगी काढा, बॅटऱ्या सांभाळा, या सगळ्यात संध्याकाळचा सोन्यासारखा तास जातो.

जागेबद्दल. ठाण्याहून निघताना माजिवड्यापासून भिवंडी वळणरस्त्यापर्यंत शनिवारी सकाळी सातनंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. शहापूर-कसारा बाजूला जायचं तर साडेपाचला घर सोडा. तुम्ही ऐरोलीतून शुक्रवारी संध्याकाळी परस्पर निघायचा विचार करत असाल तर तो मोह टाळा. दमलेला चालक, अंधारात तंबू, आणि 'अंधारात तंबू' हाच व्हिडिओ करायचा मोह. मुलांसाठी प्रवास अडीच तासांच्या आत ठेवा. घाटाखाली कर्जत, मुरबाड, शहापूर जवळ पडतं पण रात्रीही उकडतं. घाटावर इगतपुरी-भंडारदरा बाजूला रात्र बरी जाते. मेमध्ये सुट्टीचा कॅम्प घाटावर आणि शूटिंगचा घाटाखाली अशी विभागणी चांगली जमते, कारण शूटिंगचे विषय खाली जास्त मिळतात: करवंदं, जांभळं, गावची पाणंद, आटलेले ओढे. येऊर घराजवळ आहे म्हणून तिथे तंबू टाकू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, बिबट्यांचं घर, रात्री मुक्कामाची जागा नव्हे.

पाणी माणशी पाच लिटर धरा, चौघांना एका रात्रीसाठी वीस लिटरचा एक जार आणि वर दोन-तीन बाटल्या. जलसंजीवनीची चार पाकिटं, एक पाकीट एका लिटरला, अर्धं-अर्धं करून नाही. मूल चिडचिड करतंय, तोंड लाल आहे आणि लघवी पिवळी गर्द झालीय, तर ते 'कॅमेऱ्याला कंटाळलं' असं समजू नका, आधी सावली आणि पाणी.

एखाद्या कॅम्पसाइटने फुकट मुक्काम देऊन व्हिडिओ मागितला तर विचार करून हो म्हणा. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार फुकट मुक्काम, भेट, सवलत हे सगळं जाहीर करावंच लागतं, आणि यूट्यूबवर सशुल्क प्रसिद्धीची खूण करावी लागते. त्यापेक्षा मोठं म्हणजे तो कॅम्प त्या दिवसापासून कामाचा होतो. मालकाला तरणतलाव हवा, तंबूंची रांग हवी, पाहुण्यांचे चेहरे हवेत. तसा कॅम्प घ्यायचा तर घरच्यांना न नेता, एखाद्या मित्रासोबत करा.

परतीचं वेळापत्रक सोपं ठेवा. रविवारी पहाटेचं शूट, नाश्ता, नऊला आवराआवर, दहापर्यंत रस्त्याला, जेवायला घरी. संध्याकाळी कार्डातलं सगळं दोन ठिकाणी उतरवा, एक लॅपटॉप, एक बाहेरची डिस्क. दोन्हीकडे तीन-चार क्लिप्स उघडून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका. सोमवारी काही नाही. मंगळवारी निवड आणि निवेदन, बुधवारी जोडणी, गुरुवारी थंबनेल आणि अपलोड, तारीख मात्र पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारची लावा. हातात एक आठवडा शिल्लक असेल तेव्हाच हे चक्र न कुरकुरता फिरतं. आणि दहा मिनिटांचा ऐवज नसेल तर सहा मिनिटांचा करा. मधल्या जाहिरातींसाठी आठ मिनिटं लागतात म्हणून ताणलेला व्हिडिओ बघणाऱ्याला लगेच कळतो.

चार कॅम्पपैकी पहिला आणि तिसरा कॅमेऱ्याशिवाय करा. पहिला यासाठी की मागच्या वेळची आठवण घरच्यांच्या मनात ताजी आहे, आणि नुसते शब्द देऊन ती जाणार नाही. तिसऱ्यापर्यंत तुम्ही स्वतः दमलेले असाल. दुसरा आणि चौथा शूटिंगचा.

चौथा जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवला असेल तर तो मेच्या शेवटच्या शनिवारी आणा. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून, पण वळवाच्या सरी घाटात त्याच्या बऱ्याच आधी, दुपारनंतर, विजा घेऊन येतात. गडगडाट कानावर पडला की ट्रायपॉड मिटायचा, एकट्या झाडाखालून आणि माळावरून उठायचं आणि सगळ्यांनी काचा लावून गाडीत बसायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. तंबूवर तोपर्यंत पाऊस पडलेला नसेल, म्हणून या रविवारी तो गच्चीवर उभारा आणि दहा मिनिटं नळीने पाणी मारा. कोपऱ्यातल्या शिवणीतून आत थेंब येतात का ते हात फिरवून बघा, येत असतील तर वाळवून शिवणीवर सीलर लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी मारा. हे करताना फोन ट्रायपॉडवर लावून ठेवा. साठ्यातला पहिला व्हिडिओ तोच.